लिसांद्रोने आवरलेली अडगळ

लिसांद्रो ओवेलारला पसारा बघवत नसे. पाराग्वायमधल्या सान लोरेन्सोच्या विद्यापीठात तो आणि मी शिकवायचो, एकाच खोलीत बसायचो. त्याच्या टेबलावर कीबोर्ड, एक पेन आणि तेरेरेचा थर्मास, एवढंच; तेरेरे म्हणजे गार पाण्यात भिजवलेल्या पाल्याचं आमचं पेय. थर्मासखालीसुद्धा घडी घातलेलं फडकं, लाकडाला ओल लागू नये म्हणून. माझ्याशी बोलायला आला की बोलता बोलता माझे कागद कडेला कड लावून ठेवायचा.

"अरे, ते माझे पेपर आहेत," मी म्हणायचे.

"माहीत आहे गं, सुनिल्दा. पण हाताला राहवत नाही."

माणूस चांगला होता. कुणाच्या अडीअडचणीला नाही म्हणायचा नाही. आई गेल्यापासून एकटाच राहायचा, आणि एकट्या माणसाकडे जो रिकामा वेळ असतो तो सगळा त्याने कावुरेईला देऊन टाकला होता.

कावुरेई म्हणजे मुठीत मावेल एवढं घुबड. आमच्याकडे ते घराला लाभतं म्हणतात. त्याच्याच नावाने आम्ही विद्यार्थी असताना एक भाषा केली, कॉम्प्युटरला कामं सांगण्याची. ती कुणाच्या मालकीची नाही. कुणीही घ्यावी, वापरावी, काही मोडलं असेल तर दुरुस्त करून परत द्यावी. सुरुवातीला आम्ही मोजकीच माणसं होतो. त्यातले दोघे कायम बरोबर, लिसांद्रो आणि वेन्सेस्लाओ रेकाल्दे. वेन्सेस्लाओला सगळे वेन्चो म्हणायचे.

वेन्चो सगळ्याच बाबतीत लिसांद्रोच्या उलट. अंगाने मोठा, आवाजाने त्याहून मोठा, शर्टाची बटणं वरखाली. सहकारी संस्थांचे कॉम्प्युटर दुरुस्त करत गावोगाव फिरायचा आणि प्रत्येक गावाहून एक गोष्ट घेऊन यायचा. दोघांचं पटायचं कसं, हे आम्हालाही कोडं होतं. पण पटायचं. दुपारी एकाच पेल्यातून तेरेरे प्यायचे. पाणी ओतण्याचं काम लिसांद्रोचं, कारण वेन्चो सांडायचा.

आता थोडं कामाबद्दल सांगायला हवं. भाषेत चूक सापडली की ती दुरुस्त करायची आणि त्याबरोबर एक छोटीशी टेस्ट लिहून ठेवायची. पुढे दुसरं काही करताना तीच जुनी चूक परत आली, तर ती टेस्ट लगेच ओरडते. म्हणजे प्रत्येक जुन्या दुखण्यावर बसवलेला एकेक राखणदार. वर्षानुवर्षं या टेस्ट साठत गेल्या आणि सगळ्या एकाच फोल्डरमध्ये पडत गेल्या. त्या फोल्डरला आम्ही अडगळ म्हणायचो. काही फाइलींना नुसता आकडा. काहींना वेन्चोने दिलेली नावं, "रुसलेली बेरीज", "बैलगाडी", "सासूची तारीख". आणि वेन्चोच्या टेस्टमध्ये टीप असायची. टीप कसली, पत्रच. एक मला अजून आठवते:

"शून्याने भागलं की कावुरेई गप्प बसायची, तक्रारसुद्धा करायची नाही. हे कळलं इता गावच्या एका कुंभारणीमुळे. तिच्या मुलाने भट्टीची उष्णता मोजायला प्रोग्रॅम लिहिला आणि अख्खी भट्टी करपली. मी शरमेने तिच्याकडून एक तडकलेलं मडकं विकत घेतलं. त्यात आता आमचं मांजर झोपतं."

त्याखाली दोन ओळींची टेस्ट.

अडगळ वाढत वाढत अशी झाली की नवीन येणारा माणूस घाबरून पळायचा. सगळ्या टेस्ट चालवायच्या तर यंत्र तासन्‌तास घुरघुरत बसायचं. एखादी टेस्ट ओरडली तरी ती कशाबद्दल ओरडते आहे ते कळायला निम्मा दिवस. एकच गोष्ट चार वेगवेगळ्या फाइलींत तपासलेली. शेवटी आम्ही सगळे आवारातल्या आंब्याखाली बसलो आणि कुणीतरी हे आवरायला हवं असं ठरलं. कुणी, हे विचारावं लागलं नाही.

"याला द्या," वेन्चो लिसांद्रोच्या पाठीवर थाप मारत म्हणाला, "हा पाराग्वाय नदीलासुद्धा इस्त्री करून देईल."

सगळे हसले. लिसांद्रोही हसला. त्याचे कान लाल झाले होते आनंदाने.

काम त्याने मन लावून केलं. शनिवार, रविवार, सुट्ट्या, सगळं त्यात गेलं. अंकांच्या टेस्ट एका जागी, अक्षरांच्या एका, तारखांच्या एका. प्रत्येक फाइलला काय तपासलंय ते सांगणारं सरळ नाव. दुबार असलेल्या काढल्या, कशाच्याच उपयोगाच्या नाहीत त्या काढल्या. मी कावुरेईचं माहितीपुस्तक लिहिते, त्यामुळे मला तर तो देवासारखा वाटत होता. खरंच सांगते, ते काम व्हायलाच हवं होतं. आजही कुणी विचारलं तर मी हेच म्हणेन.

पण आवरताना त्याने एक नियम केला. टीप एका ओळीची. कोणती चूक, एवढंच. बाकी सगळं काढायचं.

मग वेन्चोचं मडकं गेलं, बैलगाडी गेली, सासू गेली.

वेन्चो कामासाठी बाहेरगावी होता. परत आला, उघडून बघितलं, आणि सरळ आमच्या खोलीत आला. तरी हसतच आला होता.

"काय रे, न्हाव्याच्या पोरा, माझी हजामत केलीस?"

"सगळ्यांचीच केली," लिसांद्रो म्हणाला. "नियम सगळ्यांना सारखा."

"सगळे लिहितात कुठे? मीच लिहितो. अरे, ती माणसं होती. कुणामुळे काय कळलं ते लिहिलं होतं मी."

"कशाला पण? टेस्ट उघडणाऱ्याला मांजराशी काय करायचंय?"

"लक्षात राहतं त्याने. आकडा कुणाच्या लक्षात राहतो?"

लिसांद्रो दमलेला होता. महिनोन्‌महिने दुसऱ्यांचा पसारा उचलून माणूस जसा होतो तसा झाला होता. त्याने स्क्रीन वेन्चोकडे फिरवला. "हे बघ. तुझ्या लक्षात राहण्याचा नमुना." एक फाइल होती, नाव म्हणून नुसता आकडा. आत एकच ओळ: 'पितां' हा शब्द आणि 'पितां' हा शब्द एकच आहे का? ती ओळ त्याने सकाळी मलाही दाखवली होती आणि आम्ही दोघं हसलो होतो. तोच शब्द तोच आहे का, असं कोण विचारतं!

"ही माझी नाही," वेन्चो म्हणाला.

"मग कुणाची?"

"मला काय माहीत? माझी असती तर खाली लिहिलं असतं."

कुणाची ते बघता आलं असतं. जुन्या नोंदी उकरायच्या, एवढंच. पण लिसांद्रोला आता चेव आला होता. "कुणाची का असेना, असाच कचरा आहे सगळा. आणि तुझ्या फाइलींत तर काम कमी आणि वेन्चो जास्त. लोक टेस्ट उघडतात, तुझ्या गप्पा ऐकायला येत नाहीत."

वेन्चोच्या हातात तेरेरेचा पेला होता. त्याने तो पिऊन संपवला आणि लिसांद्रोला परत दिला, "ग्रासियास" म्हणून. ग्रासियास म्हणजे आभार; ते म्हटलं की आणखी ओतायचं नसतं.

"मग वेन्चोलाच काढून टाक ना," तो म्हणाला. "म्हणजे सगळं स्वच्छ."

तो गेला. आम्हाला वाटलं, चार दिवसांत येईल. यापूर्वी दोघे फुटबॉलवरून याहून मोठ्याने भांडले होते. पण तो आला नाही. त्याने कावुरेईसाठी लिहिणं बंद केलं, कुणाला काही न सांगता. वर्ष उलटायच्या आत बायको ब्लासिदाच्या माहेरी, काआकुपेला राहायला गेला आणि तिथल्या शेतकी शाळेत शिकवू लागला. लिसांद्रोने त्याला दोनदा निरोप पाठवला, दोन्ही वेळा कामाचा. माफीचा नाही. मी म्हटलं, फोन कर. तो म्हणाला, "करतो. एवढं तारखांचं संपू दे."

तारखांचं संपलं. सगळंच संपलं. बोलिव्हिया, उरुग्वायहून लोक अभिनंदनाचे निरोप धाडू लागले, नवीन मंडळी कामाला लागली. लिसांद्रोला समाधान होतं. फक्त कधी गमतीचं काही घडलं की तो "अरे, हे वेन्चोला..." एवढंच म्हणायचा. ओतायची सवय होती, म्हणून तेरेरे आता मला ओतून द्यायचा.

मग एका हिवाळ्यात नदी चढली; आमच्याकडे पूर बहुधा तेव्हाच येतो.

पिलार शहराच्या खाली, नदीकाठी, मासेमाऱ्यांची एक समिती आहे. पाणी किती चढलं ते मोजून गावागावांत मोबाइलवर इशारा पाठवायचा, असा त्यांनी एक प्रोग्रॅम केला होता, आमच्याच भाषेत. त्या वर्षी सगळ्या गावांना इशारा गेला. इस्ला पितांला गेला नाही. लोक उठले तेव्हा पाणी घरात होतं. माणसं होड्यांतून वाचली. जनावरं बरीचशी गेली.

समितीचं काम बघणारी बाई त्याच गावची, न्या एउलोखिया पोर्तियो; 'न्या' आम्ही वयस्क बाईच्या नावाआधी मानाने लावतो. तिने फोन केला तेव्हा मी खोलीतच होते. लिसांद्रोने फोन मोठ्या आवाजावर ठेवला.

"आधी कधी असं झालं होतं का, न्या एउलोखिया?" त्याने विचारलं.

"झालं होतं की! फार वर्षांपूर्वी. तूच तर नीट केलंस, बाळा. विसरलास? मी तुला घरच्या भट्टीत भाजून चिपा पाठवली होती टोपलीभर."

मी लिसांद्रोकडे बघितलं तर त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता.

पितां हा शब्द ग्वारानीतला, म्हणजे आमच्या इथल्या मूळ लोकांच्या बोलीतला. शेवटचा आ नाकातून, आणि त्या अक्षरावर एक नागमोडी टोपी. ती टोपी कॉम्प्युटरात दोन तऱ्हांनी घालता येते. टोपी घातलेलं तयार अक्षर टाकायचं, नाहीतर आधी उघडं अक्षर टाकून मागून त्यावर टोपी ठेवायची. स्क्रीनवर दोन्ही अगदी सारखी दिसतात. यंत्राला मात्र ती वेगळी वाटतात, आणि एक नाव दुसऱ्याशी जुळत नाही. त्या एका ओळीच्या टेस्टमध्ये एक पितां एका तऱ्हेचा होता, दुसरा दुसऱ्या. ती टेस्ट तेच विचारत होती. आम्ही हसलो होतो. नंतर कुणीतरी अक्षरं जुळवण्याचा भाग वेगवान करायला गेलं, जुनं दुखणं परत आलं आणि ओरडायला कुणी नव्हतं.

त्या दिवशी त्याने जुन्या नोंदी उकरल्या. टेस्ट लिहिणाऱ्याचं नाव, लिसांद्रो ओवेलार. काढून टाकणाऱ्याचं नाव, लिसांद्रो ओवेलार.

"माझीच," तो म्हणाला. "नाव आकडा, टीप काही नाही. तेव्हाही मला वाटलं असणार, कशाला लिहायचं, स्वच्छ आहे. सुनिल्दा, ही वेन्चोची असती ना, तर वाचली असती. त्याने गाव लिहिलं असतं, बाई लिहिली असती, चिपा कोरडी होती की नाही तेसुद्धा लिहिलं असतं. मी ते सगळं कापलं असतं. पण टेस्टला हात लावला नसता."

चूक त्याने संध्याकाळच्या आत दुरुस्त केली, टेस्ट परत बसवली, आणि सगळ्यांना कळेल अशा ठिकाणी लिहिलं की हे माझ्या हातून झालं. मग पाणी ओसरल्यावर मला म्हणाला, "माझ्याबरोबर येशील?"

आम्ही गेलो. घरांच्या भिंतींवर छातीएवढ्या उंचीपर्यंत चिखलाची रेघ होती. अंगणातली मातीची भट्टी विरघळून नुसता ढीग झाला होता. न्या एउलोखियाने खुर्च्या काढल्या, पुसल्या आणि आम्हाला बसवलं.

"चूक माझी आहे," लिसांद्रो म्हणाला.

"पाणी तू आणलंस का?"

"नाही. पण तुम्हाला कळलं असतं..."

"हो. कळलं असतं." तिने हातातलं फडकं घडी करून मांडीवर ठेवलं. "तुझ्याशी खोटं कशाला बोलू, बाळा? कळलं असतं तर गाई वर नेल्या असत्या. तू माफी मागायला एवढ्या लांब आलास, ती मी घेते. पण माझी पिंतादा गाय दावणीला बांधलेली होती. मीच बांधली होती. ते मी कुणाला सांगू?"

लिसांद्रो मान खाली घालून बसला. तिने आम्हाला जेवल्याशिवाय सोडलं नाही, आणि तेच त्याला जास्त जड गेलं असावं.

परत येताना गाडीत तो एवढंच म्हणाला, "रविवारी काआकुपेला जाऊ या."

वेन्चोचं घर चढावर होतं. अंगणात लिंबाची झाडं, कोंबड्या, आणि वेन्चो पोटरीपर्यंत विजार दुमडून नळी घेऊन उभा. मला बघून ओरडला, "सुनिल्दा! काय गं, किती जाड झालीस! ब्लासिदा, बघ कोण आलंय!" मला मिठी मारली. मग लिसांद्रोकडे वळला, नळी खाली ठेवली, हात विजारीला पुसला आणि पुढे केला.

"या, प्रोफेसर. बसा ना तुम्ही. सावलीत बसा."

तुम्ही. मी तोपर्यंत वेन्चोच्या तोंडून कुणालाच तुम्ही ऐकलं नव्हतं. विद्यापीठाच्या कुलगुरूंनाही तो अरे-तुरे करायचा.

लिसांद्रोने सगळं सांगितलं. टेस्ट, गाव, नदी, गाई, कुणाची ओळ आणि कुणी काढली ते. मधे थांबला नाही, स्वतःची बाजू घेतली नाही. वेन्चो ऐकत होता, मान हलवत होता, पाहुण्याचं ऐकावं तसं.

"होतं असं," तो शेवटी म्हणाला. "तुम्ही फार मनाला लावून घेऊ नका."

"वेन्चो, तेव्हा तू बरोबर होतास. मी जे बोललो..."

"जुनं झालं ते."

"मला शिव्या दे रे. काहीतरी बोल."

"शिव्या कशाला, प्रोफेसर? पाणी गार आहे ना? ब्लासिदा, जरा बर्फ आण गं, यांना कोमट पाणी चालत नाही."

बर्फ आला. तेरेरे वेन्चोने स्वतः ओतला, एक थेंब न सांडता. लिसांद्रोने विचारलं, परत येशील का, निदान टिपा तरी बघशील का. वेन्चो म्हणाला, "नाही हो. मी आता ते उघडतसुद्धा नाही. पोरांना शिकवतो, कोंबड्या बघतो. बरं चाललंय." त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला बरं वाटलं असतं.

त्यानंतर लिसांद्रोने एक उलटं काम हाती घेतलं. वेन्चोच्या कापलेल्या टिपा जुन्या नोंदींतून काढून परत लावायच्या. वाटलं तेवढं ते सोपं नव्हतं. कितीतरी टेस्ट त्याने एकमेकींत मिसळून टाकल्या होत्या, काहींचं रूपच बदललं होतं, आणि टीप लावायला तिची जागाच उरली नव्हती. कुंभारणीची गोष्ट त्याने तीन ठिकाणी लावून बघितली. "कुठेच बसत नाही गं," तो म्हणायचा. "जिची होती ती टेस्टच मी मोडली." शेवटी नियम बदलला: ज्याला जेवढं लिहायचं तेवढं त्याने लिहावं. आता नवीन मुलंमुली त्या टिपा वाचून हसतात. हा वेन्चो कोण, असं एकाने विचारलं होतं. लिसांद्रोने त्याला बराच वेळ सांगितलं.

मी ब्लासिदाला फोनवर विचारलं, वेन्चोने बघितलं का. ती म्हणाली, "उघडलं होतं एकदा. मग कोंबड्यांना दाणे टाकायला गेले."

मागच्या वर्षी वेन्चोच्या मुलीला पंधरा वर्षं पूर्ण झाली; आमच्याकडे मुलीचा तो वाढदिवस लग्नासारखा करतात. मोठा समारंभ केला त्यांनी. मला बोलावणं आलं ते फोनवर, "तू नाही आलीस तर बघ" असं. लिसांद्रोला छापील आमंत्रण आलं, नावाआधी प्रोफेसर लावून. तो नवा कोट घालून गेला. माझी जागा घरच्या टेबलावर होती, त्याची शाळेच्या शिक्षकांबरोबर. तिथे कुणी त्याच्या ओळखीचं नव्हतं, पण तो नीट बोलत होता सगळ्यांशी. मुलगी पांढऱ्या झग्यात बापाबरोबर नाचली. वेन्चो घामाघूम झाला, शर्ट बाहेर आला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. लिसांद्रोनेही वाजवल्या, इतरांपेक्षा जरा जास्त वेळ.

नंतर वेन्चो टेबलाटेबलाशी फिरला. शिक्षकांच्या टेबलाशी आला तेव्हा त्याने लिसांद्रोच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला.

"जेवलात ना नीट? मांस मिळालं?"

"मिळालं. छान झालंय सगळं. मुलगी आईवर गेली आहे."

"हो, नशीब तिचं," वेन्चो म्हणाला आणि हसला. एक क्षण मला वाटलं, आता आणखी काहीतरी बोलेल. लिसांद्रोलाही वाटलं असावं, कारण तो खुर्चीतून अर्धा उठला होता. पण पलीकडच्या टेबलावरून कुणीतरी हाक मारली आणि वेन्चो तिकडे गेला.